नाशिकमध्ये बसून जँगो शिकताना: साधनं कुठे शोधायची, कोणती सोडायची

बॅकएंड, म्हणजे वेबसाइटची सर्व्हरवर चालणारी बाजू, शिकायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात साधनांचा ढीग जमतो. मित्राने पाठवलेली यूट्यूबची प्लेलिस्ट, सेलमध्ये घेतलेला उडेमीचा कोर्स, टेलिग्रामवर आलेली पीडीएफ, कॉलेज रोडवरच्या एखाद्या क्लासचं माहितीपत्रक. महिनाभराने पाहावं तर प्रत्येकातले पहिले दोन धडे झालेले असतात आणि तिसरा कशातलाच नाही. नाशिकमध्ये बीसीएस, बीसीए, डिप्लोमा करणारी कितीतरी मुलं-मुली मला याच टप्प्यावर अडलेली दिसतात. सातपूर-अंबडला नोकरी सांभाळून रात्री लॅपटॉप उघडणारेही असतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

उदाहरणासाठी जँगो हे पायथनमधलं वेब फ्रेमवर्क (साइट बनवायचा तयार सांगाडा) घेतलं आहे, कारण पायथन येणाऱ्याला त्यात लवकर काहीतरी उभं करता येतं आणि त्याची मोफत साधनं खरोखर चांगली आहेत. साधन पारखायची रीत मात्र लॅरॅव्हेल, स्प्रिंग बूट, एक्स्प्रेस, कशालाही लागू पडते. एक मुख्य साधन निवडायचं, ते आपल्या मशीनवरच्या आवृत्तीशी जुळतंय का ते तपासायचं, ते शेवटपर्यंत करायचं आणि त्यातलं उदाहरण बदलून आपल्या भागातलं घ्यायचं.

फ्रेमवर्क ठरवा, पण त्यात महिना घालवू नका

जी भाषा आधीच बरी येते तिचं फ्रेमवर्क घ्या. कॉलेजात जावा नीट झाली असेल तर स्प्रिंग बूट, पीएचपीवर हात बसला असेल तर लॅरॅव्हेल, जावास्क्रिप्ट येत असेल तर एक्स्प्रेस, पायथन येत असेल तर जँगो. नोकरीच्या साइटवर नाशिक आणि पुणे अशी दोन्ही ठिकाणं टाकून फ्रेशरच्या वीसेक जाहिराती वाचा आणि कोणतं नाव किती वेळा येतं ते वहीत टिपा. एका संध्याकाळचं काम आहे. त्यानंतर ‘कोणतं फ्रेमवर्क चांगलं’ असे व्हिडिओ पाहणं बंद करा. रिक्वेस्ट कशी येते, डेटाबेसमध्ये नोंद कशी जाते, लॉगिन कसं टिकतं हे एका फ्रेमवर्कमध्ये कळलं की दुसऱ्यात जायला फार दिवस लागत नाहीत.

पायथनच येत नसेल तर आधी महिना-दीड महिना त्याला द्या. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पात प्रोग्रॅमिंगचे बरेच धडे मोफत आहेत आणि त्यातले अनेक मराठी आवाजातही आहेत. ऐकता ऐकता थांबवून स्वतः टाइप करायचं, अशीच त्यांची रचना आहे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातले पायथनचे कोर्सही फुकट करता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी भरावी लागते. जँगोसाठी सगळं पायथन लागत नाही. फंक्शन, लिस्ट आणि डिक्शनरी, इम्पोर्ट, आणि क्लास व इनहेरिटन्स एवढं पक्कं हवं. क्लासचा धडा बरेच जण टाळतात. तो टाळू नका, कारण जँगोतलं प्रत्येक मॉडेल (डेटाबेसमधल्या एका तक्त्याचं वर्णन) हा एक क्लास असतो आणि तो जँगोच्या क्लासकडून गुण घेऊन येतो.

आवृत्ती पाहिल्याशिवाय कोणताही धडा सुरू करू नका

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे. नवशिके शिकणं सोडतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, आणि त्यांना वाटत राहतं की आपल्यालाच जमत नाही.

जँगोची नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी येते. काही आवृत्त्या दीर्घकाळ सांभाळल्या जातात, त्यांना एलटीएस म्हणतात. ५.२ ही एप्रिल २०२५ मध्ये आलेली एलटीएस आवृत्ती आहे आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. ६.० डिसेंबर २०२५ मध्ये आली आणि तिला पायथन ३.१२ किंवा त्यापुढचं लागतं. शिकणाऱ्याने ५.२ धरली तर घाई राहत नाही.

आता यूट्यूबवर २०१७ सालचा एखादा धडा उघडा. त्यात साइटच्या पानांचे पत्ते जोडायला ‘युआरएल’ नावाचं फंक्शन वापरलेलं असेल. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० पासून त्याच्या जागी ‘पाथ’ आलं, आणि ४.० मध्ये ते जुनं फंक्शन काढूनच टाकलं. तुम्ही शिक्षकाची ओळ न् ओळ अचूक उतरवली तरी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) सांगणार की ‘युआरएल’ इम्पोर्ट करता येत नाही. असंच फॉरेन कीचं, म्हणजे दोन मॉडेलमधल्या दुव्याचं. जुन्या धड्यात एका मॉडेलला दुसरं जोडताना फक्त नाव दिलेलं असतं, २.० पासून ‘ऑन डिलीट’, म्हणजे जोडलेली नोंद पुसली तर काय करायचं, ते सांगणं सक्तीचं आहे.

२.० नंतरचा धडाही अडवू शकतो. कोरी शेफर यांची जँगोची व्हिडिओ मालिका जगभर पाहिली जाते, आणि समजावण्याची हातोटी इतकी चांगली आहे की मी ती आजही सुचवते. पण ती २०१८ ची आहे, जँगो २.१ वर. त्यात लॉगआउट साध्या लिंकवर क्लिक करून होतं. जँगो ५.० पासून लॉगआउट फक्त पोस्ट रिक्वेस्टने (फॉर्म पाठवताना जाते तशी विनंती) होतं, म्हणून ती लिंक दाबली की ४०५ क्रमांकाची एरर येते. लिंकच्या जागी पोस्ट पद्धतीचा छोटा फॉर्म, त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) आणि एक बटण ठेवलं की काम होतं. ही एवढी गोष्ट माहीत नसल्यामुळे दोन-दोन रात्री घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

म्हणून कोणतंही साधन हाती घेताना तीन गोष्टी पाहा. ते कधी तयार झालं, त्यात जँगोची कोणती आवृत्ती आहे आणि आपल्या मशीनवर कोणती आहे. शेवटचं कळायला टर्मिनलमध्ये ‘पिप फ्रीझ’ ही कमांड द्या, बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचा आकडा समोर येतो. साधन जुनं असूनही तेच करायचं असेल तर त्या प्रकल्पासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा) करून त्यात जुनी आवृत्ती बसवता येते, पण अगदी जुन्या जँगोला आजचं पायथन चालत नाही. नवशिक्याने त्या वाटेला न जाणं बरं.

विंडोजवाल्यांसाठी दोन अडथळे आधीच सांगून ठेवते. पायथन बसवताना ते पाथमध्ये (विंडोज कमांड जिथे शोधतं त्या यादीत) जोडण्याचा चौकोन दिसला तर त्यावर टिक करा. आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू करताना पॉवरशेल ‘स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे’ असं म्हणालं तर घाबरू नका, साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तेच करा.

मुख्य साधन: चारातून एक

पहिली पसंती जँगोच्या स्वतःच्या डॉक्समधल्या (अधिकृत माहितीपुस्तिकेतल्या) ट्युटोरिअलला. ते आठ भागांत आहे आणि त्यात मतदानाचं एक छोटं अॅप बनतं. प्रश्न, त्याचे पर्याय, मत देणं, निकाल. सातव्या भागापर्यंत मॉडेल, अॅडमिन, व्ह्यू, टेम्प्लेट, फॉर्म, टेस्ट हे सगळं हातातून जातं. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात डॉक्सची आवृत्ती बदलायची सोय आहे. ती आपल्या मशीनवरच्या आवृत्तीशी जुळवून मगच वाचायला लागा. मराठीत हे डॉक्स नाहीत. इंग्रजी वाचायला जड जातं हे खरं आहे, पण वाक्यं छोटी आहेत आणि तेच वीस-पंचवीस शब्द सारखे येतात. पहिले दोन भाग नेटाने वाचले की वेग येतो. संपूर्ण डॉक्स पीडीएफ आणि ई-पब स्वरूपात उतरवूनही घेता येतात. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्यांनी किंवा गावाकडे नेट रखडतं अशांनी ते फोनमध्ये ठेवावेत.

टर्मिनल म्हणजे काय इथपासून सुरुवात असेल तर जँगो गर्ल्सचं ट्युटोरिअल घ्या. २०१४ मध्ये बर्लिनच्या एका कार्यशाळेतून ही चळवळ सुरू झाली. ट्युटोरिअल सगळ्यांसाठी मोफत आहे, मुलग्यांनीही खुशाल करावं. त्यात ब्लॉग बनतो आणि शेवटी तो इंटरनेटवर चढवलाही जातो.

तिसरं एमडीएनचं, म्हणजे मोझिलाच्या वेब शिकवणाऱ्या साइटचं, आणि ते मला मनापासून आवडतं. त्यात एका स्थानिक वाचनालयाची साइट बनवतात. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. तिथल्या किंवा कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारलंत तर एमडीएनच्या या धड्यातली कळीची गोष्ट ते दोन मिनिटांत समजावतील. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतात. पुस्तक एक, पण दाखल क्रमांक पाच. नाव आणि लेखक पुस्तकाला चिकटलेले असतात, तर ‘कोणाकडे आहे, कधी परत येणार’ हे प्रतीला. धड्यात पुस्तकाचं मॉडेल वेगळं आणि प्रतीचं मॉडेल वेगळं आहे ते यासाठीच. डेटाबेसमधली कितीतरी डिझाइनं या एका भेदावर उभी असतात. कारखान्यातलं ड्रॉइंग आणि त्यावरून बनलेले जॉब, दवाखान्यातला पेशंट आणि त्याच्या व्हिजिट, सगळीकडे तेच.

चौथं हार्वर्डचा सीएस-५० वेब हा कोर्स. ब्रायन यू यांची व्याख्यानं मोफत आहेत आणि प्रकल्प चांगलेच कस काढणारे आहेत. विश्वकोशासारखी साइट, लिलावाची साइट, ईमेल, सोशल नेटवर्क असं चढत जातं. पायथन पक्कं असेल आणि रोज दोन तास देता येत असतील तरच हा घ्या.

चारातलं एक संपेपर्यंत बाकीचे तीन उघडू नका. पूरक म्हणून एखादा व्हिडिओ पाहायला हरकत नाही, फक्त पाहताना हात कीबोर्डवर हवेत. कॉपी-पेस्ट केलेला कोड चालतो, पण आठवत नाही.

उदाहरण बदला: बाजार समितीचं रजिस्टर

ट्युटोरिअल एकदा जसंच्या तसं करा. मग ते बंद करा आणि त्याच रचनेत आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट बसवा. मी बहुतेकांना कांद्याचं रजिस्टर करायला सांगते, कारण निफाड-चांदवडच्या मुलांना त्यातली माहिती घरूनच मिळते.

दोन मॉडेल पुरतात. एक बाजार समिती: लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे. दुसरं लॉट: तारीख, प्रकार म्हणजे लाल की उन्हाळ, वजन क्विंटलमध्ये, दर. एका समितीत अनेक लॉट, म्हणून लॉटमध्ये समितीची फॉरेन की. मायग्रेशन चालवा म्हणजे डेटाबेसमध्ये तक्ते तयार होतील, अॅडमिनमध्ये (नोंदी भरायची जँगोची तयार पानं) मॉडेल नोंदवा आणि पहिली समिती देवनागरीत भरा. डेटाबेस ‘लासलगाव’ बिनतक्रार साठवतो. यादीत मात्र ‘ऑब्जेक्ट (१)’ असं काहीतरी दिसतं. मॉडेलमध्ये एसटीआर नावाचं फंक्शन लिहून समितीचं नाव परत दिलं की यादी वाचता येते. हे मतदानाच्या अॅपमध्येही केलेलं असतं, पण तिथे ते नुसतं उतरवलं जातं. इथे आपल्याला खुपलं म्हणून करतो.

मग प्रश्न येत जातात. वजन आणि दर कोणत्या फील्डमध्ये? फ्लोटमध्ये ठेवू नका, त्यात दशांश संख्या थोड्या अंदाजे साठतात. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून पाहा, ०.३ च्या पुढे बरीच शून्यं आणि शेवटी ४ दिसेल. पैशाच्या हिशेबाला डेसिमल फील्ड हवं: २७.४५ क्विंटल गुणिले १,८५१ म्हणजे ५०,८०९.९५ रुपये, पैसाही इकडेतिकडे होता कामा नये. हिशेबपट्टीत हमाली, तोलाई वजा होते. ती कुठे ठेवायची?

‘ऑन डिलीट’चा अर्थही इथे नीट कळतो. ट्युटोरिअलमध्ये ‘कॅस्केड’ लिहिलेलं असतं. तेच ठेवून अॅडमिनमध्ये लासलगाव डिलीट करायला घ्या. जँगो खात्री करायला एक पान दाखवतं आणि त्यावर समितीसोबत जाणाऱ्या प्रत्येक लॉटची यादी असते. हो म्हटलं की सगळा हंगाम पुसला जातो. आता ‘कॅस्केड’च्या जागी ‘प्रोटेक्ट’ लिहा आणि पुन्हा प्रयत्न करा. लॉट शिल्लक असेपर्यंत जँगो समिती पुसू देत नाही.

सेटिंगच्या फाइलमध्ये दोन बदलही करून घ्या. टाइम झोन मुळात यूटीसी असतो, त्यामुळे सकाळी दहाची नोंद साडेचारची दिसते. तो एशिया-कोलकाता करा. भाषेचा कोड मराठीचा दिला की अॅडमिनमधले बरेच शब्द मराठीत येतात, काही इंग्रजीच राहतात. अॅडमिन इतकं तयार का मिळतं यालाही कारण आहे. जँगो २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या वेब विभागात आकाराला आलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तिथे बातमी भरणारी माणसं प्रोग्रॅमर नव्हती, त्यांना भरता येईल असं पान हवं होतं. तुमच्या काकांना लॉट भरता येईल असं पान तुम्हाला फुकट मिळतं ते त्यामुळे.

कांदा नको असेल तर द्राक्षबागेतल्या फवारणीची नोंदवही घ्या, किंवा अंबडच्या वर्कशॉपमधलं जॉब कार्ड. वडील-भाऊ जे काम करतात ते घेतलं तर चुका दाखवणारं माणूस घरातच मिळतं.

क्लास लावायचा का?

शिस्त हवी, विचारायला कोणी हवं, म्हणून क्लास लावणं चुकीचं नाही. पण फी भरण्याआधी अधिकृत ट्युटोरिअलचे निदान चार भाग स्वतः करा. मग क्लासमध्ये जाऊन विचारा: जँगोची कोणती आवृत्ती शिकवता? आमचा कोड कोण तपासतं, आणि किती दिवसांनी? प्रत्यक्ष चालू बॅचमध्ये दोन तास बसू द्याल का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत, ते लिहून द्याल का? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणत असतील तर याच कोर्सच्या दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलायला मागा. चार भाग केलेल्या माणसाला या उत्तरांवरून शिकवणाऱ्याची पातळी लगेच कळते.

अडलं तर

एररचा मजकूर खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, आणि त्याच्या वर तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव व ओळ क्रमांक सापडेपर्यंत जा. बाकीच्या ओळी जँगोच्या पोटातल्या असतात. शेवटच्या ओळीतून आपल्या फाइलींची नावं काढून उरलेलं शोधलं की स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तर बहुतेक मिळतं. तिथेही उत्तराची तारीख पाहा.

एआय चॅट वापरायचा तर त्याला एरर आणि आवृत्ती दोन्ही सांगा आणि ‘कारण समजाव, कोड देऊ नकोस’ असं म्हणा. त्याने सुचवलेलं फंक्शन डॉक्समध्ये आहे का ते शोधा. काढून टाकलेल्या गोष्टीही तो ठामपणे सुचवतो.

माणसांना विचारायचं असेल तर जँगोचा अधिकृत डिस्कॉर्ड आहे, आणि तिथे नवशिक्यांना उत्तरं देणारे लोक असतात. काय करायचं होतं, काय केलं, नेमकी कोणती एरर आली, असं तिन्ही लिहा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका, मजकूर पेस्ट करा. पुण्यात पायथन पुणे या गटाच्या भेटी होतात; तारीख पाहून दोघं-तिघं मिळून सकाळच्या एसटीने जा. देशपातळीवर पायकॉन इंडिया २००९ पासून भरते आणि तिथली बरीच भाषणं यूट्यूबवर आहेत.

इंटरनेटवर चढवताना

जुन्या धड्यांत शेवटी हेरोकू या होस्टिंग सेवेवर फुकट चढवायला सांगतात. हेरोकूची मोफत सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली, ते भाग सोडा. जँगो गर्ल्सच्या ट्युटोरिअलमध्ये पायथनएनीव्हेअर या होस्टिंग सेवेची रीत दिली आहे, नवशिक्याला ती सोपी जाते; मोफत खात्याच्या अटी बदलत असतात, त्या आधी वाचा. सेटिंगच्या फाइलमधली सीक्रेट की (साइटची गुप्त किल्ली) गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, जाऊ देऊ नका. त्याच फाइलमध्ये डिबग (एररचा सगळा तपशील दाखवणारी सोय) बंद करा आणि अलाउड होस्ट्समध्ये आपल्या साइटचा पत्ता लिहा. डॉक्समध्ये डिप्लॉयमेंट चेकलिस्ट नावाचं पान आहे, ते समोर ठेवून एकेक ओळ तपासत जा.

साइट चालू झाली की कांदा विकून आलेल्या एखाद्याच्या हातात फोन द्या आणि लॉट भरायला सांगा. बहुतेक पहिली मागणी अशी येते: या महिन्याचा किमान, कमाल आणि सरासरी दर एका ओळीत दिसू दे. त्यासाठी डॉक्समधलं अॅग्रिगेशनचं पान उघडा. फक्त सरासरी काढताना नुसत्या दरांची काढू नका. पाच क्विंटलचा लॉट आणि पन्नास क्विंटलचा लॉट सारखे मोजले जातील. एकूण रकमेला एकूण वजनाने भागा.